बायोप्सीच्या काचा वाचणारं एआय : खरी किंमत सॉफ्टवेअरची की स्लाइड्सची?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या टेम्पस या कंपनीने पेज नावाची एक कंपनी विकत घेतली. सौदा सुमारे ८ कोटी १२ लाख डॉलरचा, म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ७०० कोटी रुपयांचा. टेक बातम्यांच्या गर्दीत ही बातमी कुठल्या कुठे हरवून गेली. त्या जगात ७०० कोटी ही फार मोठी रक्कमही नाही. पण ज्यांच्या घरात कधी बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघितली गेली आहे, त्यांनी ही बातमी जरा थांबून वाचायला हवी.

पेज ही साधीसुधी कंपनी नव्हती. बायोप्सीच्या स्लाइडवर कर्करोग शोधायला मदत करणाऱ्या एआयला अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०२१ मध्ये पहिल्यांदा परवानगी दिली, ती याच कंपनीच्या पेज प्रोस्टेट या सॉफ्टवेअरला. आता गंमत बघा. कंपनी विकत घेताना टेम्पसने जी गोष्ट ठळकपणे पुढे मांडली, ती होती जवळपास ७० लाख डिजिटल स्लाइड्स आणि त्यांच्यासोबतची पेशंटची वैद्यकीय माहिती. एफडीएच्या परवानगीइतकाच, किंबहुना जास्तच, भाव त्या काचांना होता.

असं का? हे समजायला आधी ती काच काय असते आणि मशीन ती कशी वाचतं, हे बघावं लागेल.

तुकड्यापासून रिपोर्टपर्यंत

डॉक्टर गाठीचा छोटा तुकडा काढतात. तो लगेच फॉर्मालिनमध्ये टाकतात, म्हणजे सडत नाही. लॅबमध्ये त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्राने ब्लॉकचे अतिशय पातळ काप काढतात, साधारण ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे. आपला केस याच्या दहा-वीस पट जाड असतो. हा काप काचेवर घेतला की तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, म्हणून रंगवावा लागतो. हिमॅटॉक्सिलिनने पेशींची केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी. शंभर वर्षांहून अधिक काळ जगभरात हीच पद्धत चालत आली आहे.

यानंतर पॅथॉलॉजिस्ट ती स्लाइड मायक्रोस्कोपखाली धरतात. केंद्रकं नेहमीपेक्षा मोठी आहेत का, वेडीवाकडी आहेत का, पेशींची रांग मोडली आहे का, पेशी आपली हद्द सोडून शेजारी घुसल्या आहेत का, हे सगळं डोळ्यांनी बघून ते निदान लिहितात. पुढचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन या एका कागदावर ठरतं. रक्ताच्या रिपोर्टसारखा इथे यंत्रातून आकडा बाहेर पडत नाही. हा एका अनुभवी माणसाचा निर्णय असतो. म्हणूनच एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टनी बघितली तर कधी कधी मतं वेगळी पडतात, विशेषतः कर्करोगाची श्रेणी ठरवताना.

फोटो काढला, पण केवढा?

डीप लर्निंग इथे शिरतं ते स्लाइड डिजिटल झाल्यावर. स्कॅनर पूर्ण काचेचा एकच मोठा फोटो काढतो. किती मोठा, याचा हिशोब करू. चांगल्या स्कॅनिंगमध्ये एक पिक्सेल म्हणजे साधारण पाव मायक्रॉन. समजा काप १५ मिलिमीटर लांब आणि तेवढाच रुंद आहे. म्हणजे प्रत्येक बाजूला ६० हजार पिक्सेल. गुणाकार केला तर ३६० कोटी पिक्सेल! दाबून लहान न करता साठवला तर एकच फोटो १० जीबीच्या वर जातो.

एवढा फोटो कोणत्याही मॉडेलच्या घशाखाली एकदम उतरत नाही. म्हणून त्याचे छोटे चौकोन पाडतात, त्यांना टाइल म्हणतात. २५६ बाय २५६ पिक्सेलच्या टाइल पाडल्या तर आपल्या या एका स्लाइडच्या सुमारे ५५ हजार टाइल होतात. मॉडेल एकेक टाइल बघतं, तिला गुण देतं आणि शेवटी सगळे गुण एकत्र करून पूर्ण स्लाइडबद्दल अंदाज सांगतं. कुठे संशय आहे ते दाखवायला स्लाइडवर रंगांचा नकाशाही काढता येतो. लाल दिसलं की तिथे नीट बघा, असा त्याचा अर्थ.

शिकवणार कोण?

मॉडेल शिकतं उदाहरणांवरून. जुना मार्ग असा की पॅथॉलॉजिस्टने स्क्रीनवर बसून कर्करोगाच्या प्रत्येक भागाभोवती रेघ आखून द्यायची. काम अचूक होतं, पण त्यात वेळ किती जातो! आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या डॉक्टरने हजारो स्लाइड्सवर रेघा मारत बसायचं, हे होणारं नव्हतं.

यातून वाट काढली ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयातल्या संशोधकांनी. २०१९ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या त्यांच्या कामात १५,१८७ पेशंटच्या ४४,७३२ स्लाइड्स वापरल्या होत्या. रेघा कोणी मारल्या नाहीत. जुन्या रिपोर्टमधून प्रत्येक स्लाइडला एवढंच लेबल दिलं : कर्करोग आहे किंवा नाही.

तांदळाच्या पोत्यांचं उदाहरण घ्या. कोणी तुम्हाला फक्त एवढंच सांगितलं की या पोत्यात खडे आहेत आणि त्या पोत्यात एकही नाही. खडा कसा दिसतो ते सांगितलं नाही. पण अशी हजारो पोती चाळली, तर जे दाणे फक्त खड्यांच्या पोत्यांतच सापडतात ते हळूहळू ओळखू येतील. मॉडेलने तेच केलं. प्रोस्टेट, त्वचा आणि स्तनाच्या कर्करोगातून लसिकाग्रंथीत पसरलेल्या पेशी अशा तिन्ही प्रकारांत त्याचा एयूसी ०.९८ च्या वर गेला. एयूसी म्हणजे काय, तर एक कर्करोगाची आणि एक निरोगी स्लाइड समोर ठेवली, की कर्करोगाच्या स्लाइडला जास्त गुण मिळण्याची शक्यता. ०.५ म्हणजे नुसती नाणेफेक आणि १ म्हणजे एकदाही चूक नाही.

मेख इथेच आहे. रेघा नकोत, पण स्लाइड्स मात्र हजारोंनी हव्यात. नव्या पिढीच्या मॉडेल्सची भूक तर याहून मोठी आहे. २०२४ मध्ये आलेलं प्रोव्ह-गिगापाथ हे मॉडेल १,७१,१८९ स्लाइड्समधल्या १३० कोटी टाइल्सवर तयार झालं. पेजच्याच विर्चो मॉडेलला जवळपास १५ लाख स्लाइड्स खाऊ घातल्या होत्या. असा साठा कोणाकडे असतो? गल्लीतल्या स्टार्टअपकडे नसतो. तो असतो मोठ्या, जुन्या रुग्णालयांच्या तळघरात.

माणूस विरुद्ध मशीन : निकाल नीट वाचा

‘एआयने डॉक्टरांना हरवलं’ असा मथळा तुम्ही कधी ना कधी वाचला असेल. त्यातलं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे नेदरलँड्समधली कॅमेलियन १६ ही स्पर्धा. तिचे निकाल डिसेंबर २०१७ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी लसिकाग्रंथीत पोचल्या आहेत का, ते १२९ स्लाइड्समध्ये शोधायचं होतं. एका बाजूला ३२ अल्गोरिदम, दुसऱ्या बाजूला ११ पॅथॉलॉजिस्ट. सगळ्यात चांगल्या अल्गोरिदमचा एयूसी ०.९९४ आला आणि ११ डॉक्टरांची सरासरी ०.८१०.

फरक मोठा वाटतो ना? पण त्या डॉक्टरांना साधारण दोन तासांत १२९ स्लाइड्स संपवायच्या होत्या. म्हणजे एका स्लाइडला एक मिनिटसुद्धा नाही. आणखी एका पॅथॉलॉजिस्टला वेळेचं बंधन नव्हतं. त्यांनी सुमारे ३० तास घेतले आणि त्यांचा एयूसी ०.९६६ आला. म्हणजे अनुभवी माणसाला पुरेसा वेळ दिला तर तो फार मागे राहत नाही. मशीन जिंकलं ते घाई आणि थकवा यांच्याविरुद्ध.

हे मी मशीनला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. घाई आणि थकवा ही प्रत्यक्षातली परिस्थिती आहे. आयसीएमआरच्या कर्करोग नोंदणीनुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे १४.६ लाख नवे कर्करोग रुग्ण असल्याचा अंदाज होता. यातल्या बहुतेकांचं निदान कोणीतरी मायक्रोस्कोपमध्ये डोळा घालून केलेलं असतं.

पेज प्रोस्टेटला परवानगी मिळाली तीसुद्धा मदतनीस म्हणून. एफडीएसमोर मांडलेल्या अभ्यासात १६ पॅथॉलॉजिस्टनी ५२७ स्लाइड्सचे फोटो आधी सॉफ्टवेअरशिवाय आणि नंतर सॉफ्टवेअरसह बघितले. कर्करोग ओळखण्याचं प्रमाण सरासरी ७.३ टक्क्यांनी वाढलं आणि निरोगी स्लाइड्सच्या वाचनावर वाईट परिणाम झाला नाही. सही मात्र डॉक्टरचीच. हा आकडा मथळ्यातल्या आकड्यांपेक्षा लहान आहे, पण जास्त विश्वासाचा आहे. कारण मशीन शेजारी असताना माणूस कसं काम करतो, हे त्यात मोजलेलं आहे.

घरोघरचा मसाला वेगळा

मग हे सॉफ्टवेअर उद्या आणून नांदेड किंवा कुडाळच्या लॅबमध्ये बसवलं तर? इथे खरी अडचण सुरू होते.

आमटी सगळीकडे तीच, पण घरोघरचा मसाला वेगळा. स्लाइडचंही तसंच आहे. एका लॅबचा गुलाबी दुसऱ्या लॅबच्या गुलाबीशी जुळत नाही. काप जरा जाड झाला, रंग जास्त वेळ ठेवला, स्कॅनर दुसऱ्या कंपनीचा असला की चित्र बदलतं. पॅथॉलॉजिस्टचा डोळा हे फरक सहज सांभाळून घेतो. मॉडेलला ते कोणी शिकवलेलंच नसतं.

वर सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासातच याचा नमुना आहे. कॅमेलियनच्या मोजक्या, स्वच्छ, रेघा मारलेल्या स्लाइड्सवर शिकवलेलं मॉडेल न्यूयॉर्कच्या रोजच्या स्लाइड्सवर चालवून बघितलं, तेव्हा त्याचा एयूसी सुमारे ०.९३ वरून ०.७३ वर घसरला. आजार तोच, अवयव तोच, फक्त लॅब बदलली.

दुसरा धोका जास्त छुपा आहे. द कॅन्सर जीनोम अॅटलस हा अमेरिकी सरकारी प्रकल्पाचा साठा जगभरचे संशोधक वापरतात. २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की या साठ्यातली स्लाइड कोणत्या रुग्णालयातून आली आहे, हे मॉडेल चित्रावरून ओळखू शकतं. रंग सारखे करून घेतले तरीही. याचा परिणाम काय होतो? समजा एका रुग्णालयात गंभीर पेशंट जास्त येतात. मॉडेल त्या रुग्णालयाचा ‘मसाला’ ओळखतं आणि आपण समजतो की त्याने आजाराची गंभीरता ओळखली. परीक्षेत गुण भरपूर मिळतात, कारण प्रश्नपत्रिकाही त्याच रुग्णालयांतून आलेली असते. बाहेर पडल्यावर फजिती.

आपल्याकडे यात आणखी भर पडते. लहान गावातून आलेला तुकडा कधी पुरेशा फॉर्मालिनमध्ये नसतो, कधी नुसत्या सलाइनमध्येच येतो, कधी एसटीच्या पार्सलमधून दोन दिवसांनी पोचतो. तोपर्यंत पेशी खराब व्हायला लागलेल्या असतात. शिवाय तंबाखू-गुटख्यामुळे होणारे तोंडाचे कर्करोग आपल्याकडे जितके दिसतात, तितके अमेरिकेतल्या रुग्णालयांत दिसत नाहीत. तिकडच्या साठ्यावर शिकलेलं मॉडेल आपल्या पेशंटच्या गालातल्या गाठीबद्दल काय सांगेल, हे इथल्या स्लाइड्सवर तपासल्याशिवाय कोणीच छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

मग स्लाइड कोणाची?

म्हणजे सगळं फिरून येतं ते काचांच्या साठ्यावर. आता २०१८ ची एक गोष्ट आठवायला हवी. पेज कंपनी निघाली तीच मेमोरियल स्लोन केटरिंगमधून. रुग्णालयाने आपल्याकडच्या अडीच कोटी स्लाइड्सच्या संग्रहाचा विशेष हक्क कंपनीला दिला आणि रुग्णालयाशी जोडलेल्या काही वरिष्ठ मंडळींचे कंपनीत हितसंबंध होते. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि प्रोपब्लिका यांनी ही बातमी दिली तेव्हा रुग्णालयात खळबळ उडाली. सगळ्यात जास्त नाराज झाले ते तिथलेच पॅथॉलॉजिस्ट. वर्षानुवर्षं स्लाइड्स वाचून निदान लिहिलं त्यांनी, म्हणजे मॉडेल ज्याच्यावर शिकलं ती ‘उत्तरपत्रिका’ त्यांची. आणि गाठ होती पेशंटची. रुग्णालयाचं म्हणणं होतं की नावं काढून टाकलेली माहिती वापरली जाते आणि यातून उपचार सुधारतील.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. साठा तळघरात धूळ खात पडला असता तर कोणाचाच फायदा झाला नसता. पण सात वर्षांनी ही कंपनी विकली गेली तेव्हा त्या साठ्याच्या वापराचा परवाना हाच सौद्यातला मोठा ऐवज होता. ज्यांच्या शरीराचे ते तुकडे, त्यांना यातलं काय मिळालं? बहुतेकांना हे घडलं याची कल्पनासुद्धा नसेल.

आपल्याकडे काय चाललंय

हा प्रश्न आपल्या दारात आलाच आहे. परळच्या टाटा मेमोरियलने केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने कर्करोगाच्या प्रतिमांची बँक उभी करायला घेतली आहे. आयआयटी मुंबई, दिल्लीचं एम्स अशा संस्था सोबत आहेत. सुरुवात डोकं-मान आणि फुप्फुसाच्या कर्करोगापासून केली आहे आणि स्लाइड्ससोबत रेडिऑलॉजीच्या प्रतिमा आणि उपचारांची माहितीही जोडली जाते. दिशा बरोबर आहे. इथल्या आजारासाठी इथलाच डेटा हवा.

आपल्याकडे कौशल्य नाही असंही नाही. २०१७ मध्ये आयआयटी गुवाहाटीतल्या संशोधकांच्या सहभागाने पेशींच्या केंद्रकांचा एक संच तयार झाला. सात अवयवांच्या ३० प्रतिमांमधली २१ हजारांहून जास्त केंद्रकं हाताने आखली होती. जगभर तो वापरला जातो. फक्त त्या प्रतिमा होत्या अमेरिकेच्या जीनोम अॅटलसमधल्या. आखणारे हात आपले, पण स्लाइड्स तिकडच्या, कारण खुल्या मिळत होत्या त्या तिकडच्याच.

अडतं ते पैशावर आणि रोजच्या व्यवस्थेवर. दिवसाला २०० स्लाइड्स करणारी लॅब घ्या. दाबून लहान केलेली फाइल १ जीबीची धरली तरी रोज २०० जीबी आणि ३०० कामाच्या दिवसांत ६० टीबी. वर स्कॅनर, तो चालवणारा माणूस आणि बॅकअप. शिवाय काच फेकून देता येत नाही, तीही सांभाळायची. ज्या लॅबला मायक्रोटोमची पाती वेळेवर मिळत नाहीत, तिच्याकडून ही अपेक्षा कशी करणार? माझ्या मते सरकारी मेडिकल कॉलेजांसाठी एआय विकत घेण्याआधी खर्च करण्याची जागा वेगळी आहे : वेळेवर फॉर्मालिन, नीट रंगवलेला काप, प्रशिक्षित टेक्निशियन. खराब कापावर उत्तम मॉडेल लावलं तरी उत्तर खराबच येणार.

कायद्याची चौकट हळूहळू आकार घेते आहे. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. पण त्यात संशोधनासाठी अटींसह सूट आहे आणि एकदा नाव काढून टाकलं की ती माहिती कोणाची वैयक्तिक माहिती उरते का, हाही प्रश्न आहे. त्यामुळे ‘नावं काढली आहेत’ एवढ्या एका वाक्यावर साठा एखाद्या खाजगी कंपनीच्या हाती जाऊ शकतो. अशा करारात नफ्याचा काही वाटा रुग्णालयाच्या गरीब पेशंट निधीला जावा, तयार झालेलं सॉफ्टवेअर सरकारी रुग्णालयांना फुकट किंवा स्वस्तात मिळावं, आणि एकाच कंपनीला एकाधिकार नसावा, या अटी आधी लिहून घ्यायला हव्यात. सौदा झाल्यावर ओरडून उपयोग नाही, हे न्यूयॉर्कमध्ये दिसलंच.

पेशंट म्हणून आपण काय करू शकतो?

मोठ्या रुग्णालयात दुसरं मत घ्यायला जाताना आपल्याकडे पेशंटचे नातेवाईक स्लाइड्स आणि ब्लॉक मागून घेतात, रुमालात गुंडाळून पिशवीत जपून नेतात. रेल्वेच्या गर्दीत ती पिशवी छातीशी धरून बसलेली माणसं तुम्हीही बघितली असतील. त्या काचेची किंमत त्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. तिच्या डिजिटल प्रतीबद्दलही तसंच सावध राहायला हवं.

बायोप्सीच्या संमतीपत्रावर सही करताना एक ओळ शोधा : नमुना किंवा त्याची प्रतिमा संशोधनासाठी अथवा कंपन्यांना दिली जाईल का? समजलं नाही तर विचारा. नकार द्याच असं मी म्हणत नाही. आपल्या लोकांच्या स्लाइड्स साठ्यात नसतील तर उद्याचं सॉफ्टवेअर आपल्या आजारात चुकेल. द्यावं, पण समजून द्यावं. आणि रिपोर्टमध्ये एआयचा वापर झाला असेल तर दोन गोष्टी विचारायचा हक्क आपल्याला आहे : हे सॉफ्टवेअर भारतातल्या स्लाइड्सवर तपासलं आहे का, आणि शेवटी ही काच कोणत्या डॉक्टरने स्वतः बघितली?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या नावाने मिळालं पाहिजे. ते मिळत नसेल तर तो रिपोर्ट अजून पूर्ण झालेला नाही, असंच समजा.